वाचून बसवणारे जोगदंड सर

जोगदंडांच्या नावापुढे 'सर' लावायला आमच्या कॉलेजच्या कागदोपत्री काहीच आधार नव्हता. ते प्रयोगशाळा सहायक होते. प्राध्यापकांच्या यादीत त्यांचं नाव नसे, गॅदरिंगच्या फोटोत ते मागच्या ओळीत अगदी कडेला असत आणि प्राचार्य त्यांना नुसतं 'जोगदंड' म्हणत. बाकी शिपायांपासून विद्यार्थ्यांपर्यंत सगळे सर म्हणत. हे कधी सुरू झालं मला माहीत नाही. मी केजला ग्रंथपाल म्हणून रुजू झाले तेव्हा ते आधीच सर झालेले होते.

बेताची उंची, सावळा रंग, पांढरा नाही तर फिकट निळा शर्ट आणि खिशात चौघडी केलेला एक कागद. त्या कागदावर कामांची यादी असेल असं मला सुरुवातीला वाटायचं. तसं नव्हतं. आदल्या दिवशी जे काही वाचलं त्यातलं न समजलेलं ते त्यावर लिहून आणत आणि दिवसभरात ज्याला त्याला विचारत. मराठीच्या मॅडमना एखादा शब्द, फिजिक्सवाल्यांना एखादं सूत्र, मला एकदा होमिओपॅथीच्या बाटलीवरचा लॅटिन शब्द. उत्तर मिळालं की त्यावर काट मारत.

वाचायचं म्हणजे सगळंच. विजेचं बिल मागच्या बाजूसकट, औषधाच्या डबीतली माहितीची घडी, एसटीच्या तिकिटामागची बारीक अक्षरं. आमच्या एका शिपायाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा सगळ्यांनी ती हातात घेतली, 'वा वा' म्हटलं आणि टेबलावर ठेवली. जोगदंड सरांनी ती खाली छापखान्याच्या नावापर्यंत वाचली आणि म्हणाले, "मामा, तारीख अन् वार जुळंना की. तारीख बुधवारची हाय, वार गुरुवार छापलाय." दीडशे पत्रिका वाटून झाल्या होत्या. मुलीच्या बापासकट कुणीही ती वाचलेली नव्हती.

ही सवय वडिलांची, असं ते सांगत. गाव वडवणीच्या बाजूचं, घर बौद्धवाड्यात. वडील चाळिशी उलटल्यावर रात्रशाळेत अक्षरं शिकले आणि मग काडेपेटीपासून ग्रामपंचायतीच्या नोटिशीपर्यंत दिसेल ते मोठ्यानं वाचत सुटले. "ऐकलं म्हणून मानायचं न्हाई, वाचून मानायचं, असं म्हणायचे आमचे बाबा," सर सांगत. एवढंच सांगत. वडिलांबद्दल दुसरं वाक्य मी त्यांच्याकडून फारसं ऐकलं नाही.

ग्रंथालयाच्या शेजारी पूर्वी जुने नकाशे ठेवायची एक खोली होती. तिथे कॉलेजचा सर्व्हर होता. म्हणजे एक मशीन, जिच्यावर कॉलेजची वेबसाइट, मुलांचे अंतर्गत गुण आणि पुढे माझ्या पुस्तकांची यादी, असं सगळं चालायचं. खोलीत एक कूलर, एक टेबल आणि एक खुर्ची. सर चपला बाहेर काढून आत जात. धुळीमुळे, असं त्यांचं म्हणणं.

मला पुस्तकांच्या यादीचं सॉफ्टवेअर हवं होतं. फुकट मिळणारं, चांगलं, जगभरच्या ग्रंथालयांत वापरलं जाणारं. मी अर्ज केला, प्राचार्यांनी सही केली आणि काम जोगदंड सरांकडे गेलं. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे चाळीस पानांचा छापील गठ्ठा घेऊन आले. ते सॉफ्टवेअर कसं बसवायचं याच्या सूचना होत्या.

"वाचलं का?" त्यांनी विचारलं.

"मी कशाला वाचू? बसवणार तुम्ही आहात."

"वापरणार तुमी हायेत न्हं?"

असं सॉफ्टवेअर मशीनवर बसवायचे दोन रस्ते असतात, हे मला तेव्हा कळलं. पहिला तयार पॅकेजचा. आमच्या मशीनवर लिनक्स होतं. ते पुरवणारी मंडळी हजारो प्रोग्रॅम आधीच बांधून, तपासून ठेवतात. आपण एक ओळ टाइप करायची, की हवा तो प्रोग्रॅम इंटरनेटवरून उतरतो आणि जागच्या जागी बसतो. पुढे त्यात दोष सापडला तर दुरुस्तीही त्यांच्याकडूनच येते. दुसरा रस्ता सोर्सचा. प्रोग्रॅम ज्यांनी लिहिला त्यांचा मूळ मजकूर आणायचा आणि आपल्या मशीनवर आपणच तो बांधून घ्यायचा. याला कंपाइल करणं म्हणतात. वेळ लागतो, मध्येच अडतं आणि नंतरची प्रत्येक दुरुस्ती आपल्यालाच करावी लागते. जोगदंड सरांनी त्या मशीनवर जे जे बसवलं होतं ते सगळं सोर्सवरून.

मला हे नीट समजेना, म्हणून मी म्हटलं, "म्हणजे शिवलेले कपडे आणि कापड घेऊन शिवणं, असंच ना?"

"उदाहरण नका देऊ, मॅडम," ते म्हणाले. "उदाहरणानं फकस्त समजल्यासारखं वाटतं. या, मशीनच दाखवतो."

त्यांनी दाखवलं. काळ्या पडद्यावरून ओळींमागून ओळी वर सरकत होत्या. सर उभे होते. कंपाइल चालू असलं की ते कधीच बसत नसत. हात मागे बांधून, गावाकडून आलेलं पत्र वाचावं तसे त्या ओळी वाचत. मध्येच एखादी 'वॉर्निंग' आली की वहीत टिपून घेत. मी घाबरून विचारलं, काही बिघडलं का? तर म्हणाले, "न्हाई. वॉर्निंग दिली तिनं. दुश्मन वॉर्निंग देत न्हाई."

पाचव्या दिवशी प्राचार्य स्वतः त्या खोलीच्या दारात आले.

"अहो जोगदंड, बीडच्या एका कॉलेजात हेच सॉफ्टवेअर दुपारी बसवायला घेतलं अन् संध्याकाळी चालू झालं म्हणतात."

"झालं असंल, सर. पर आत काय हाय ते बघितलं का त्यांनी?"

"आत काय असणार?"

"तेच बघायलोय."

अकराव्या दिवशी माझी यादी सुरू झाली. मी वैतागलेली होते, पण पहिल्याच महिन्यात एक गोष्ट घडली. एक मुलगा कोरडवाहू शेतकऱ्यांवरचं एक पुस्तक शोधत आला. पुस्तक माझ्या डोळ्यांसमोर कपाटात होतं आणि मशीन म्हणत होतं की असं पुस्तक नाही. मी नाव पुन्हा टाइप केलं. नाही. दुसऱ्या संगणकावरून टाइप केलं, तर आहे!

जोगदंड सरांनी तो प्रश्न कागदावर लिहून घेतला आणि तीन दिवस गायब झाले. म्हणजे शेजारच्याच खोलीत होते, पण बोलत नव्हते. चौथ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. 'शेतकऱ्या'तला तो अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, मशीनला मात्र ती दोन वेगळी अक्षरं वाटतात. काही कळफलकांवरून एक उमटतो, काहींवरून दुसरा. ज्यांनी सॉफ्टवेअर लिहिलं त्यांना मराठी कुठून ठाऊक असणार? सरांनी मूळ मजकुरात ती जागा शोधून काढली होती आणि नऊ ओळी घालून दोन्ही र एकच धरायला लावले होते.

"तयार पॅकेज असतं तर काय केलं असतं, मॅडम? कपाटातलं पुस्तक कपाटातच ऱ्हायलं असतं," ते म्हणाले. मला त्यांचं तेव्हा पटलं. त्या दिवसापासून मी त्यांच्या बाजूची झाले, असं म्हणायला हरकत नाही.

मग शेख मॅडम आल्या. संगणकशास्त्र शिकवायला, तासिका तत्त्वावर. म्हणजे नेमणूक वर्षापुरती, आणि पुढच्या जूनमध्ये ऑर्डर निघेल की नाही ते जूनमध्येच कळणार. बीडहून रोज एसटीने येत. वय अठ्ठावीस-तीस, बोलणं तडकाफडकी. त्यांच्या लॅबमधल्या तीस मशीन त्यांनी एका दिवसात पॅकेजांवरून तयार केल्या. मग सर्व्हरच्या खोलीत डोकावल्या आणि जोगदंड सरांची वही चाळून म्हणाल्या, "सर, हे एवढं कशासाठी?"

त्यांचे वाद मधल्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी चालत, कारण चहा तिथे येई.

"पॅकेज बनवणारा कोण, कुठला, तुमाला काय ठाऊक?" सर विचारत.

"सोर्स लिहिणारा तरी तुमच्या पावण्यातला आहे का?"

"त्याचं लिहिलेलं वाचता येतंय."

"मग सगळं वाचलंत तुम्ही? वेबसाइट चालवणारा तो वेब सर्व्हर प्रोग्रॅम, त्याच्याच लाखभर ओळी असतील. सगळ्या वाचल्या?"

खोटं बोलणं जोगदंड सरांना जमत नसे. "न्हाई," ते म्हणाले. "सगळ्या न्हाई."

दुसऱ्या दिवशी चहा यायच्या आधीच ते आले आणि शेख मॅडमना म्हणाले, "तुमी काल बोललात ते बरोबर हाय. पर सगळं वाचून होत न्हाई म्हणून वाचणंच सोडायचं का?"

"सोडा असं कोण म्हणतंय, सर? मी एवढंच म्हणते, उद्या तुम्ही नसलात तर ही मशीन कोण बघणार? पासवर्ड माझ्याकडे दिलाय तुम्ही, पण आत काय कुठे ठेवलंय ते तुमच्याशिवाय कुणालाच कळत नाही."

"मी कुठं चाललोय?" सर म्हणाले आणि हसले.

त्या उन्हाळ्यात त्यांच्या आईला बीडला दवाखान्यात ठेवावं लागलं. सर रजेवर गेले. मी त्यांना रजेवर गेलेलं प्रथमच पाहत होते. आणि त्याच आठवड्यात, एका मंगळवारी, जगभर बातमी आली की आम्ही वापरत होतो त्या वेब सर्व्हरमध्ये एक मोठं भोक सापडलं आहे. त्यातून बाहेरचा कुणीही मशीनमध्ये शिरू शकत होता. पॅकेजवाल्यांनी दुपारच्या आत दुरुस्ती पाठवली. शेख मॅडमनी आपल्या तीस मशीन अर्ध्या तासात दुरुस्त केल्या आणि सर्व्हरच्या खोलीत आल्या. तिथे मात्र एका ओळीत होण्यासारखं काही नव्हतं. सगळं सरांनी हाताने बांधलेलं, त्यांच्या पद्धतीने, त्यांनी ठरवलेल्या जागी. शेख मॅडमनी माझ्या टेबलावरून सरांना फोन लावला. स्पीकर चालू होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"सर, मी पॅकेजवरून बसवून देते. तासाभरात होईल."

"नका, मॅडम. माझी त्या र-ची दुरुस्ती, गुणांचं सगळं, एकमेकांत गुंतलंय. मोडंल. मी परवा येतो."

"परवापर्यंत उशीर होईल, सर. निदान बंद तरी करून ठेवू का?"

"प्रवेशाची माहिती हाय त्याच्यावर. लेकरं बघायलीत. बंद नका करू. मी येतो न्हं."

गुरुवारी सकाळी कॉलेजची वेबसाइट उघडली की कुठल्याशा परदेशी जुगाराच्या जाहिराती दिसू लागल्या. अंतर्गत गुणांची फाइल नाहीशी झाली होती. तिची नक्कल होती, पण तीन आठवड्यांपूर्वीची. तीन आठवड्यांचे गुण सगळ्यांना पुन्हा भरावे लागणार होते, आणि सगळे चिडले होते.

दुपारी प्राचार्यांच्या केबिनमध्ये बैठक झाली. दोन ज्येष्ठ प्राध्यापक, कार्यालय अधीक्षक, शेख मॅडम आणि पुस्तकांची यादी त्याच मशीनवर होती म्हणून मी.

"पासवर्ड कुणाकुणाकडे होता?" एका प्राध्यापकांनी विचारलं.

"जोगदंड सरांकडे आणि माझ्याकडे," शेख मॅडम म्हणाल्या.

"जोगदंड तर रजेवर. मग उरलं कोण?" ते खुर्चीत मागे टेकले. "तासिकेवरच्या माणसाला पासवर्ड द्यायचाच कशाला, मी म्हणतो."

जून तीन आठवड्यांवर आला होता. शेख मॅडमचा चेहरा मी पाहिला. त्या फोनबद्दल बोलतील असं मला वाटलं, पण त्या बोलल्या नाहीत. दवाखान्यात बसलेल्या माणसावर ढकलायचं त्यांच्याने झालं नसावं. मी ते संभाषण ऐकलेलं होतं. मी तोंड उघडायला हवं होतं. मी शब्द जुळवत होते, एवढंच सांगू शकते.

तेवढ्यात दार लोटून जोगदंड सर आत आले. वेबसाइटचं फोनवर कळल्यावर बसस्थानकावरून थेट आले होते, हातात दवाखान्याच्या डब्याची पिशवी होती. ती त्यांनी दाराशी ठेवली आणि खिशातला कागद काढला.

"सर, मला सांगायचंय," ते म्हणाले आणि वाचू लागले. "मंगळवारी तीन वाजून दहा मिनिटांनी मॅडमचा फोन आला. त्यांनी दुरुस्ती करू का विचारलं, मी न्हाई म्हणलो. बंद करू का विचारलं, मी न्हाई म्हणलो. त्यांच्या तीस मशीन सलामत हायेत. माझी एक होती, ती गेली."

"हे बघा जोगदंड," प्राचार्य म्हणाले, "आई आजारी, तुम्ही तिकडे. परिस्थिती आम्ही समजू शकतो."

"परिस्थितीचं काय न्हाई, सर. आई ठणठणीत असती तरी मला दोन दिवस लागलेच असते. मी ती मशीन अशी बसवली की माझ्याबिगर कुणाला हात लावता येऊ नये. शानपणा वाटायचा मला तो. ती चूक हाय. मॅडमची न्हाई. हे लिहून घ्या."

"लिहायची काय गरज आहे?"

"लिहून घ्या, सर. न्हाईतर जूनमधी कुणाला याद ऱ्हाणार न्हाई."

अधीक्षकांनी लिहून घेतलं. आठवड्याने जोगदंड सरांना लेखी ताकीद मिळाली. पत्रातली एक तारीख चुकली होती. ती दुरुस्त करून घेऊनच त्यांनी पोच म्हणून सही केली. आई बऱ्या होऊन घरी आल्या. जूनमध्ये शेख मॅडमची ऑर्डर निघाली.

त्यानंतर सरांनी सर्व्हर पूर्ण पुसला. शेख मॅडम शेजारी उभ्या राहून सांगत होत्या आणि सर टाइप करत होते. वेब सर्व्हर, गुणांचा प्रोग्रॅम, माझी यादी, सगळं पॅकेजांवरून. चाळीस मिनिटं लागली.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं, सर."

त्यांनी खुर्ची ओढली आणि ते बसले. मशीन चालू असताना त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. जरा अपमान झाल्यासारखे दिसत होते. अकरा दिवसांचं काम चाळीस मिनिटांत झालं म्हणून, की त्यात वाचण्यासारखं काहीच नव्हतं म्हणून, मी विचारलं नाही.

एकच अडचण होती. पॅकेजमध्ये त्यांच्या त्या नऊ ओळी नव्हत्या. 'शेतकरी' सापडत होता, 'शेतकऱ्यां'चं पुन्हा एका संगणकावरून सापडे, दुसऱ्यावरून नाही. तेवढ्यापुरती त्यांची जुनी दुरुस्ती वरून लावायची आणि दर वेळी नवं पॅकेज आलं की ती पुन्हा लावायची, असं सुरुवातीला चाललं.

"सर, हे त्यांनाच पाठवा की," शेख मॅडम म्हणाल्या. "ज्यांनी लिहिलंय त्यांना. त्यांनी घेतलं तर पॅकेजातच येईल."

"ते आपलं कावून ऐकतील?"

"पाठवल्याशिवाय कसं कळणार?"

सरांचं इंग्रजी वाचण्यापुरतं चांगलं होतं, लिहिताना अडायचं. चार ओळींच्या पत्राचे त्यांनी आठ मसुदे केले. उत्तर आलं ते कुठल्या तरी थंड देशातल्या एका बाईचं, जिचं नाव आम्हा तिघांपैकी कुणालाच उच्चारता येईना. तिने विचारलं होतं की मराठी लिहिणारे लोक हे अक्षर नेमकं कुठे कुठे वापरतात. सरांनी दोन पानं भरून शब्द पाठवले. सुऱ्या, दऱ्या, वाऱ्यावर, नवऱ्याचा, तिसऱ्यांदा. मग तिने ओळी वेगळ्या पद्धतीने लिहायला सांगितल्या. सरांनी लिहिल्या. तिने पुन्हा चूक दाखवली. "लई बारीक वाचती ही बाई," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही सर्वात मोठी स्तुती होती.

मग बरेच महिने काहीच नाही. आणि एका सकाळी शेख मॅडमनी नेहमीसारखी मशीन अद्ययावत केली, काय काय बदललं त्याची यादी पडद्यावर आली, आणि त्यांनी मला व सरांना हाक मारली. मधल्या एका ओळीत इंग्रजीत लिहिलं होतं की मराठीतील ऱ आता दोन्ही प्रकारे शोधता येतो, आणि पुढे सरांचं नाव.

त्यांनी ती ओळ वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"आता दुसरीकडं कुणी बसवलं तर?" त्यांनी विचारलं. "समजा, नागपूरला? तिथं बी सापडंल?"

"नागपूरला, कोल्हापूरला, कुठेही. तुमच्या नऊ ओळी सगळीकडे गेल्या, सर."

सर म्हणाले, "मग आपल्या मशीनवरची माझी कॉपी काढून टाका. दोन-दोन कशाला?" आणि चपला घालून वर्गातला पंखा बघायला गेले.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी फार लांब भाषण केलं नाही. शेख मॅडमना त्यांनी एक फाइल दिली. मशीनवरची प्रत्येक गोष्ट कुठे आहे, कशी बसवली, बिघडली तर काय करायचं, सगळं मराठीत, कुणालाही कळेल असं. शेवटच्या पानावर आपला फोन नंबर लिहून त्यांनी तो खोडला होता. "लागला न्हाई पायजे," म्हणाले.

त्यानंतर ते मला एकदाच दिसले. मी एका कचेरीत पत्ता बदलायचा अर्ज द्यायला गेले होते. दाखल्यांच्या खिडकीपुढे मोठी रांग होती, उन्हात पार पायऱ्यांपर्यंत. खिडकीतल्या माणसाने बाहेर डोकावून सांगितलं, "सर्व्हर डाऊन हाय. थांबा, न्हाईतर उद्या या."

रांगेत एकच गलका झाला. "रोजचंच हाय बे ह्यांचं! सर्व्हर काय पूजेला ठेवलाय का?" एक तरणा माणूस ओरडला. काहीजण निघून गेले. जोगदंड सर रांगेत पाचवे होते, भाचीचा दाखला काढायला आलेले. मी लांबून हात केला, त्यांना दिसला नाही. त्यांच्यामागे एक म्हातारी पायरीवर टेकली होती. तिने विचारलं, "सर्व्हर म्हंजी काय ओ, भाऊ? कोण साहेब हाय का?"

मला वाटलं, आता ते खरंच समजावून सांगायला बसणार.

"मशीन हाय, मावशी," ते म्हणाले. "कुठंतरी लांब, बंद खोलीत. तिच्यापाशी एक माणूस बसलेला असतो. आत्ता त्याचा जीव नुसता टांगणीला लागला असंल. सकाळधरनं च्या सुदिक घेतला नसंल त्यानं."

"आगं बया," म्हातारी म्हणाली. "मग थांबू की थोडं."

"थांबू," सर म्हणाले आणि तिच्या शेजारी पायरीवर बसले.